पवनचक्कीजवळची मशीनगन

वाइडेनग्रुंड, १४ मे १९२२

डिर्क,

तू जिवंत आहेस हे मला काल दुपारी कळलं. मी कोकोचं पातेलं घासत होते.

अमेरिकेतल्या आपल्या पंथबंधूंनी या दुष्काळात शाळेत अन्नछत्र उघडलंय. तिथे मी भांडी घासते, त्याबद्दल सूसाला पांढरा पाव मिळतो. छत्र चालवणारा योडर नावाचा तरुण आहे, आपली बोली जुन्या माणसांसारखी बोलतो. माझं आडनाव ऐकून तो म्हणाला, "हार्डर? कॉन्स्टँटिनोपलला आमच्या निर्वासितांच्या घरात एक हार्डर आहे. उंच. बंदरावर पोती उतरवतो, कुणाशी बोलत नाही."

मी विचारलं, "डाव्या कानाची पाळी अर्धी आहे?"

"आहे खरी. कुत्रा चावला होता म्हणतो."

मी पातेलं घासत राहिले. दुसरं काय करणार होते? योडर पुढच्या आठवड्यात तिकडे जातोय, पत्र नेईन म्हणाला.

तर इथलं सांगते. मामंजी आहेत. डोळ्यांत खुपऱ्या झाल्यात, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. सूसा सात वर्षांची झाली, पुढचे दात पडलेत. गाय नाही, घोडे नाहीत. आपल्या घोडागाड्यांच्या कारखान्याचं छप्पर लोकांनी जळणासाठी उतरवून नेलं. मी ठीक आहे.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कुणी सांगितलंय का? मला वाटतं नसावं. नाहीतर या अडीच वर्षांत तू निदान एक ओळ तरी पाठवली असतीस.

तू पवनचक्कीपाशी गाडीवरची मशीनगन चालवलीस, मग तीच गाडी पळवत दक्षिणेला झारवाल्यांच्या पांढऱ्या फौजेकडे निघालास. आपल्या फाटकासमोरून जाताना ओरडलास, "ते माझ्या मागे येतील! तुम्हाला धक्का लागणार नाही!" ते तुझ्या मागे आले नाहीत, डिर्क. दोन दिवस गावात कुणी चूल पेटवली नाही, धूर दिसेल म्हणून. तिसऱ्या दिवशी काळ्या झेंड्याचे बंडखोर घोडेस्वार आले. घराघरातून पुरुष बाहेर काढले. शाळेच्या आवारात नेले. मास्तर रेंपेल, दोघे एप भाऊ, तुझा मावसभाऊ फ्रान्झ, मधमाश्या पाळणारा म्हातारा टोव्स. आणखीही नावं आहेत, पण आज हात पुढे जात नाही.

मामंजींनाही नेलं होतं. ते भिंतीशी उभे होते. तेवढ्यात त्यांच्या म्होरक्यानं विचारलं, "ती स्प्रिंगच्या कमानपाट्यांची गाडी कुणी बनवली? जिच्यावर बंदूक बसवली होती?"

मामंजीच म्हणाले, "मी."

"म्हाताऱ्याला बाजूला घ्या," म्होरक्या म्हणाला. "याच्या गाडीत मशीनगन पाळण्यात निजल्यासारखी बसते. आमच्या गाड्या इतक्या उसळतात की निम्म्या गोळ्या आभाळात जातात."

बाकीच्यांना मारलं आणि मामंजींना आठवडाभर भट्टीपाशी बसवून गाड्या दुरुस्त करून घेतल्या. नवऱ्या मुलींना चर्चला जाताना हिसका बसू नये म्हणून त्यांनी ते पाटे जमवले होते, तुला ठाऊक आहे.

तेव्हापासून गावात आपल्याशी कुणी धड बोलत नाही. एकाच्या मुलानं बंदूक चालवून संकट ओढवलं, आणि बाप शत्रूच्या गाड्या करून वाचला, असा हिशेब आहे. चर्चमध्ये आमच्या बाकावर दुसरं कुणी बसत नाही. मामंजी तुझं नाव घेत नाहीत. हे पत्र लिहितेय हे त्यांना सांगितलेलं नाही.

तू आहेस तर लिही.

युस्टिना


वाइडेनग्रुंड, ३ सप्टेंबर १९२२

डिर्क,

तुझं पत्र मिळालं. अक्षर ओळखायला मला वेळ लागला.

तू लिहितोस, दुसरा मार्ग नव्हता. आजूबाजूची गावं लुटली जात होती, बायकांवर हात टाकले जात होते, हे सगळं खरं. मी ते विसरलेले नाही. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपण शस्त्र न धरणारी माणसं, हे म्हणणं शस्त्र दारात येईपर्यंत सोपं होतं.

पण तुला सोळा सालची रजा आठवते? तू इस्पितळाच्या रेल्वेवरून आला होतास. आपली मुलं बंदूक धरत नाहीत म्हणून झारच्या सरकारनं तुम्हाला जखमी उचलायला लावलं होतं. तू जेवता जेवता म्हणालास, "युस्टा, मशीनगनच्या जखमा सगळ्यांना एकाच उंचीवर असतात. रांगेनं स्ट्रेचर ठेवले की एक सरळ रेघ काढल्यासारखं दिसतं. कुणावर नेम धरलेलाच नसतो." मग तू बोर्श्टच्या सुपाचं ताट बाजूला सारलंस आणि दोन दिवस जेवला नाहीस.

आणि दोनच वर्षांनी जर्मन सैनिक गावात राहायला आले, तुम्हाला मैदानावर ती बंदूक शिकवायला लागले. आम्ही बायका कॉफी आणि पाव घेऊन बघायला येत होतो. मीही आले होते, नवा फुलांचा झगा घालून. तू बंदूक थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या डब्यातून निघणारी वाफ सूसाला दाखवत होतास आणि ती टाळ्या वाजवत होती. मामंजी तेवढे आले नाहीत. रात्री एवढंच म्हणाले, "डिर्क, माझ्या गाडीवर ते चढवायचं नाही." तू हो म्हणालास.

असो. तुला आज वेगळंच सांगायचंय.

जुलैत अन्नछत्राच्या मागच्या दाराशी एक बाई उभी होती. पाय सुजलेले, डोक्याला काळा रुमाल. शेजारच्या वेर्बीव्का गावची ओडार्का होती, आपल्या पनासची बायको. मी तिला ओळखलंच नाही. आपल्या घोड्यांना नाल मारायला पनास यायचा तेव्हा तीही सूर्यफुलाच्या बिया घेऊन यायची, आठवतं? केवढी जाडजूड होती.

तिला बघून मला पळून जावंसं वाटलं. पनास त्या दिवशी तुझ्या गोळ्यांनी मेला. पवनचक्कीच्या रस्त्यावर वेर्बीव्काची जी माणसं पडली, त्यांत सगळ्यांत पुढे तोच होता.

ती म्हणाली, "मला दिसतंय तुझ्या तोंडावर. घाबरू नकोस, मी शिव्या द्यायला आले नाही. शिव्या द्यायला ताकद लागते."

मी माझ्या वाट्याची घेवड्याची आमटी तिला दिली. तिनं उभ्यानंच पिऊन टाकली आणि वाडगं पुसून परत दिलं. तेव्हापासून ती दर शनिवारी येते. छत्रातलं अन्न गावाबाहेर द्यायचा नियम आधी नव्हता. आता योडरनं वेर्बीव्कालाही पातेलं पाठवायला सुरुवात केलीय, तरी ओडार्का इथेच येते. मी कारण विचारलं तर म्हणाली, "तिथे रांगेत बायका मला पुढे-मागे उभं राहू देत नाहीत."

का, ते तिनं गेल्या शनिवारी सांगितलं. गोळीबाराच्या आदल्या दिवशी ते घोडेस्वार वेर्बीव्कात उतरले होते. त्यांना आपल्या गावातले घोडे आणि गाड्या हव्या होत्या, आणि ते रात्रीच निघणार होते. पनासच म्हणाला, "थांबा. मी त्या लोकांना ओळखतो. मी जाऊन मागतो, ते देतील. रक्त कशाला सांडायचं?" सकाळी तो निघाला तर गावातले बरेच जण मागे लागले. तो त्यांना म्हणाला, "या, भिऊ नका. ती माणसं मारत नाहीत, त्यांच्या धर्मात नाही."

"काहींच्या हातात पोती होती," ओडार्का म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मिळेल ते घेऊन येऊ म्हणून गेले होते. पण माझा पनास रिकाम्या हातानं गेला. आता गावात म्हणतात, त्यानंच सगळ्यांना फसवून मशीनगनपुढे नेलं. त्याच्या नावाची मेणबत्तीसुद्धा लावू देत नाहीत."

मग तिनं मला विचारलं, "तुझा नवरा जिवंत आहे ना? त्याला एवढंच विचार. पनास पुढे आला तेव्हा त्यानं टोपी काढून हलवली होती का? आणि तुझ्या माणसानं त्याला ओळखलं होतं का?"

मी लिहिते म्हटलं. लिहिलं आहे. तू उत्तर दे.

मुलं कशी आहेत म्हणून विचारलंस. सूसा बरी आहे, पाढे म्हणते.

युस्टिना


वाइडेनग्रुंड, २० जानेवारी १९२३

डिर्क,

तुझी दोन पत्रं आली. बंदरावरची थंडी, जहाजांची नावं, तुर्की लोकांची कॉफी, अमेरिकेला जायचं जमतंय हे सगळं लिहिलंस. तिथे शेतावर काम मिळेल आणि मग आम्हाला बोलावशील हेही लिहिलंस. एका प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळ्याची उत्तरं दिलीस.

ओडार्का दर शनिवारी दारात येऊन फक्त माझ्याकडे बघते. मी नाही म्हणून मान हलवते. ती आत येऊन बसते.

तू पुन्हा विचारलंस, हान्स केवढा झाला, काय काय बोलतो. आता सांगायलाच हवं. हान्स नाही. तू गेलास त्याच हिवाळ्यात गेला. घोडेस्वार आपल्या घरात राहत होते, त्यांच्या अंगावर उवा होत्या, घरभर टायफस झाला. एकजण आपल्या पलंगावर वारला. मी त्यांची तोंडं पुसत होते आणि हान्स माझ्या पाठीशी बांधलेला होता. मग मीच पडले. शुद्धीवर आले तेव्हा मामंजी कारखान्यात फळ्या तासत होते. मला आवाजावरून कळलं.

हे आधी लिहिलं नाही. एकट्या माणसाला परदेशात हे वाचायला लागू नये असं वाटलं. शिवाय मला वाटायचं, जोवर तुला माहीत नाही तोवर कुणाच्या तरी मनात तो वाढतोय.

आता तुझ्याकडेही नाही.

ओडार्कालाही लेकरू नाही. आम्ही दोघी बसतो, लोकर विंचरतो. ती पनासच्या गमती सांगते. तो झारच्या फौजेत गॅलिशियाच्या आघाडीवर याच जातीच्या मशीनगनवर होता, हे तुला माहीत होतं. अठरा सालच्या उन्हाळ्यात तुमची बंदूक मैदानावर अडकली होती, जर्मन सार्जंट घामाघूम झाला होता. पनास घोडे घेऊन चालला होता. तो कुंपणावरून हसत म्हणाला, "अरे, काडतुसांचा पट्टा दमट झालाय! कापडी पट्टा आहे तो. मासळीसारखा चुलीवर वाळवा!" मग उडी मारून आत आला, अडकलेलं काडतूस काढून दिलं आणि तुझ्या पाठीवर थाप मारली. ओडार्का म्हणते, त्या रात्री तो घरी गप्प होता. ती म्हणाली, "काय झालं?" तर तो म्हणाला, "काही नाही. चांगली पोरं आहेत. त्यांच्या हातात ती शोभत नाही."

तिला उत्तर दे, डिर्क. हवं तर मला बाकी काही लिहू नकोस.

युस्टिना


वाइडेनग्रुंड, १७ जून १९२३

डिर्क,

पेनसिल्व्हेनियाचं पत्र मिळालं. अंगणात उभ्यानं वाचलं.

तू लिहिलंस, टोपी दिसली होती. तो पनास आहे हेही कळलं, चालण्यावरून. तू लिहिलंस, "पट्टा आधीच सुरू झाला होता, युस्टा. मागच्या पोत्यांकडे बघून मी सुरू केला होता. साध्या बंदुकीत प्रत्येक गोळीला माणसाला पुन्हा ठरवावं लागतं. इथे एकदाच ठरवायचं असतं. मग ती आपली आपण चालते, ठरवावं लागतं ते थांबायला. मला तो दिसला आणि माझे अंगठे चापावर तिथेच राहिले. पट्टा संपला तेव्हा थांबलं."

मी तुला काहीतरी म्हणावं अशी तुझी अपेक्षा असेल. खूप वेळ मी तुझ्या अंगठ्यांबद्दल विचार करत होते. सूसाच्या वेण्या तू घालायचास.

शनिवारी ओडार्काला सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता उठून मला मारेल, आणि मी मार खाल्ला असता. ती म्हणाली, "म्हणजे टोपी काढली होती."

"हो."

"आणि पुढे एकटाच होता."

"हो, ओडार्का."

"मग हे माझ्या गावात येऊन सांग. मी सांगितलं तर म्हणतील, बाई नवऱ्याला झाकते."

मी मामंजींना त्या रात्री सगळं सांगितलं, तुझी पत्रं येतात हेसुद्धा. ते अंधारात बसले होते, दिवा सोसत नाही म्हणून. म्हणाले, "मला ठाऊक होतं, योडर तुला पाकिटं देतो ते. आंधळा होतोय, बहिरा नाही." मग म्हणाले, "डिर्कनं थांबायला हवं होतं." तुझं नाव घेतलं त्यांनी, डिर्क, इतक्या काळानंतर. आणि पुढे म्हणाले, "मी गाडी देणार नाही म्हणालो होतो. पण त्या रात्री कारखान्याला कुलूप लावलं नाही. लावायचं सुचलं नाही असं नाही."

रविवारी वेर्बीव्काला गेले. मामंजी काठी घेऊन बरोबर निघाले. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. तो रस्ता मी तेव्हापासून चालले नव्हते. पवनचक्कीपासून गावापर्यंत कुठे झाड नाही, दगड नाही, आडोशाला एक खड्डासुद्धा नाही. हे आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

प्रार्थना संपून लोक बाहेर येत होते. ओडार्का फाटकाशी उभी राहिली, मी तिच्या बाजूला. मी म्हटलं, "मी डिर्क हार्डरची बायको. माझ्या नवऱ्यानं तुमची माणसं मारली." एवढं ऐकल्यावर सगळे थांबले. पुढचं मी भरभर बोलले. पनास एकटा पुढे आला होता, हात रिकामे होते, टोपी काढून हलवत होता, माझ्या नवऱ्यानं ते पाहिलं आणि तरी बंदूक थांबवली नाही. पनासनं कुणाला फसवलं नाही. आमच्याबद्दल तो जे बोलला ते त्याला खरंच वाटत होतं.

एक म्हातारी पुढे येऊन माझ्या पायाशी थुंकली. "माझे दोन गेले त्यात. दोन! आता सांगायला आलीस?"

मी म्हटलं, "मलाही आत्ताच कळलं."

"मग तो कुठंय?"

"अमेरिकेत."

"जेवत असेल पोटभर," कुणीतरी म्हणालं, आणि एक-दोघं हसली. वाईट हसणं होतं ते.

तेवढ्यात मामंजींनी टोपी काढली. मोडक्यातोडक्या त्यांच्या भाषेत म्हणाले, "गाडी माझी होती." बस, एवढंच. उन्हात डोळे घट्ट मिटून, पाणी गळत, ते तसेच उभे राहिले. कुणी त्यांना हात लावला नाही. हळूहळू माणसं पांगली. शेवटी त्यांचा पाद्री दार लावायला आला. ओडार्काला म्हणाला, "मेणबत्ती लावायची तर लाव आता. मला दार बंद करायचंय."

ती आत गेली. आम्ही बाहेर थांबलो.

युस्टिना


वाइडेनग्रुंड, २८ जुलै १९२४

डिर्क,

तुझ्या चार ओळी आल्या, मग वर्षभर तू लिहिलं नाहीस. माझ्यावर रागावलास, हे त्या ओळींवरून कळलं होतं. तू म्हणतोस, तुला मनातलं सांगितलं ते चारचौघांत मांडण्यासाठी नव्हे. बरोबर आहे. पण ते तुझ्या एकट्याचं नव्हतं.

परवा अर्धं गाव कॅनडाला गेलं. मालगाडीच्या डब्यांत बाकं ठोकून बसले. प्लॅटफॉर्मवर भजन सुरू झालं, गाडी हलली तरी सुरूच होतं, मग वळणापलीकडून नुसता सूर येत राहिला. मी सूसाचा हात धरून उभी होते. परत आलो तेव्हा गल्लीत कुत्री फिरत होती, आपल्या मालकांना शोधत.

आम्हीही जाणार होतो. इसाककाका धर्मगुरू स्वतः घरी येऊन म्हणाले होते, "युस्टिना, मंडळी तुझ्यासाठी शब्द टाकेल. तुझा नवरा पलीकडेच आहे, सोपं आहे. फक्त वेर्बीव्कात जे बोललीस ते तिकडे बोलू नकोस. लोकांनी फार सोसलंय."

मी म्हटलं, "काका, कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे, पोरी?"

मग कॅनडाचा डॉक्टर डोळे तपासायला आला. त्यानं मामंजींच्या पापण्या उलटून बघितल्या आणि मान हलवली. खुपऱ्यावाल्यांना जहाजावर घेत नाहीत. माझे आणि सूसाचे डोळे स्वच्छ निघाले. मामंजी म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी चाचपडत का होईना, चहा करून पिईन." मी नाही म्हटलं. सगळ्यांना कारण पटलं, बायका येऊन माझ्या गळ्यात पडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तुला खरं सांगते. मामंजींचे डोळे चांगले असते तरी मी निघाले असते की नाही, मला माहीत नाही. रात्री मी मनातल्या मनात जहाजातून उतरते, तू समोर उभा असतोस, आणि मला पुढचं काही दिसत नाही. मी तुझा तिरस्कार करत नाही. करता आला असता तर सोपं गेलं असतं. माझी तुझ्याबद्दलची माया आहे तिथेच आहे, पण तिच्यापाशी जायची वाट मला सापडत नाही.

तू ओडार्काला लिही. मला नको. तिच्या नावानं, तुझ्या हातानं. मी तुझ्या वतीनं बोलले, मामंजी तुझ्या वतीनं उभे राहिले, आता आमच्याजवळ तुझ्या वतीनं करण्यासारखं काही उरलं नाही.

युस्टिना


वाइडेनग्रुंड, ८ मार्च १९२५

डिर्क,

ओडार्काला तुझं पत्र आलं. तिला वाचता येत नाही हे तू विसरला नसशील. ते कुणाकडे वाचायला येणार हे तुला माहीतच असणार.

आधी आमचं. मामंजींना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सूसा त्यांना हाताला धरून कारखान्यात नेते, ते हत्यारांवरून हात फिरवून परत येतात. रिकाम्या घरांत नवी माणसं राहायला आली आहेत, ती बरी आहेत. शाळेत आता रशियनमधून शिकवतात. मामंजी आहेत तोवर मी इथून हलणार नाही. त्यानंतर येईन. हे मी नीट विचार करून लिहितेय. पासपोर्ट मिळणं रोज अवघड होत चाललंय, तेव्हा तोवर दारं उघडी राहतील की नाही हे मी सांगू शकत नाही. तुला माझ्यासाठी थांबायचं तर थांब. नाही थांबलास तर मी समजून घेईन.

आता ओडार्काचं. ती गुरुवारी आली, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेली. पाकीट शालीखाली धरलं होतं, भिजू नये म्हणून. "वाच," म्हणाली. "पण तुझं काही घालू नकोस मध्ये."

मी वाचलं. तू त्यांच्या भाषेत लिहिलंस, किती चुका केल्यास. एका ठिकाणी ती म्हणाली, "हा शब्द असा नाही म्हणत," आणि मग म्हणाली, "असू दे, कळलं." तू क्षमा मागितली नाहीस हे बरं केलंस. तू फक्त तो कसा चालत आला ते लिहिलंस, केसांवर ऊन होतं हे लिहिलंस, तो काहीतरी ओरडत होता पण बंदुकीच्या आवाजात ऐकू आलं नाही हे लिहिलंस. ती उभ्यानंच ऐकत होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

संपल्यावर तिनं पत्र परत घेतलं, घडीवर घडी घातली.

"हा तिकडे एकटाच राहतो?"

"हो."

"जेवायचं कसं करतो?"

"करत असेल स्वतःच. मला लिहिलं नाही त्यानं."

तिनं रुमालाची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "एकट्यापुरतं शिजवणं म्हणजे शिक्षाच. चूल पेटवायचाच कंटाळा येतो. मी तर कितीदा पाणी पिऊन निजते."

मग म्हणाली, वाट निसरडी आहे, अंधाराच्या आत पोचायला हवं, आणि निघून गेली.

युस्टिना